दिवा बंद करू नये

तिसरी गिटारही त्याच जागी तडकलेली होती. ती टेबलावर पहिल्या दोघींच्या शेजारी ठेवली, भिंग पुसले आणि पुन्हा पाहिले. तड ब्रिजच्या खालून निघून थेट कडेपर्यंत गेली होती. ब्रिज म्हणजे गिटारीच्या पोटावरची ती लाकडी पट्टी, जिच्यात तारांची खालची टोके अडकवलेली असतात.

"पडल्या असणार," मुख्याध्यापिका प्रभा मॅडम म्हणाल्या. "मुलींच्या हातून. लक्ष ठेवायला माणूस नेमला आहे, पण लक्ष कुठे असतं?"

नेमलेले माणूस दाराशी उभे होते. संगीत शिकवणाऱ्या पल्लवी मॅडम. त्यांच्या हातात घडी घातलेला मेमो होता. गिटारी निष्काळजीपणे हाताळल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, असे त्यात लिहिले होते.

मी एकतीस वर्षे आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर वाशिंदला घरीच गिटारदुरुस्ती करतो. ही मुलींची निवासी शाळा किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्याला आहे. मुंबईच्या एका संस्थेने शाळेला दहा गिटारी दिल्या, सोबत एका शिक्षिकेचे मानधनही देऊ केले. स्नेहसंमेलन सोळा दिवसांवर आले होते. संस्थेची माणसे मुलींचे वादन ऐकणार आणि त्यानंतर वर्ग पुढे चालवायचा की नाही ते ठरवणार. वर्ग बंद झाला तर पल्लवी मॅडमची नोकरीही गेली. आणि मेमो फाइलला लागला तर दुसऱ्या शाळेच्या दारातही तो त्यांच्या आधी पोहोचणार.

"मॅडम, या पडलेल्या नाहीत," मी म्हणालो. "पडलेल्या गिटारीला मार लागल्याची खूण असते, कड दबलेली असते. आणि तीन गिटारी पडल्या तर तीन वेगवेगळ्या जागी फुटतील. या तिन्ही लाकडाच्या रेषेतून उकलल्या आहेत."

"मग लाकूडच हलकं असेल."

"लाकूड चांगलं आहे." मी फ्रेटवरून बोट फिरवले. फ्रेट म्हणजे गिटारीच्या मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या. त्यांची टोके बाहेर आली होती आणि बोटाला करवतीसारखी लागत होती. धातू वाढत नाही. याचा अर्थ, मधले लाकूड आकसले होते.

"मुलींची बोटं खरचटतात, हे मी तुम्हाला दिवाळीनंतर फोनवर सांगितलं होतं, सर," पल्लवी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, नवीन बोटांना तसं होतंच."

सांगितले होते. मीही तसेच म्हणालो होतो.

"बाकीच्या कुठे आहेत?" मी विचारले.

"तुमच्या कपाटात."

ते कपाट मी जुलैमध्ये स्वतः तयार केले होते. वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देतो. लाकूड कापून, रंधून, पॉलिश करून वस्तू झाली तरी ते हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलावा घेतला की रुंदीत फुगते, सोडला की रुंदीत आकसते. लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात गिटारीचे पोट फुगते, तारा उंच उचलल्या जातात, आतला गोंद सुटू लागतो आणि पिशवीला बुरशी येते. त्यावर उपाय म्हणून मी नऊ खुंट्यांचे बंद कपाट केले आणि तळाशी जाळीच्या डब्यात साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा बसवला. कपड्यांच्या कपाटात बुरशी येऊ नये म्हणून अनेक घरांत लावतात, तोच उपाय. दिव्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. खुंट्या नऊच बसल्या. दहावी गिटार सरावासाठी बाहेर राहिली.

संगीताच्या खोलीत गेलो. कपाट उघडले. भाकरी भाजताना चुलीपुढे बसावे तशी झळ तोंडावर आली. दिवा चालू होता. दिवस डिसेंबरचे, खोलीतल्या हवेने ओठ फुटत होते आणि कपाटात दिवा चालू होता.

"हा दिवा कोणी चालू ठेवला?" माझा आवाज नको तितका चढला.

शाळेच्या मदतनीस कुसुमताई पुढे आल्या. शेजारच्याच पाड्यावर राहतात. खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात.

"मी ठेवला. का?"

"अहो, पावसाळा संपून दोन महिने झाले."

"मंग? तुमीच लिवलंय ना." त्यांनी कपाटाच्या दाराकडे बोट केले.

दारावर पाटी होती. अक्षर माझे, ठळक आणि वळणदार. एकतीस वर्षे फळ्यावर लिहून झालेले. 'दिवा कोणत्याही कारणाने बंद करू नये.' खाली माझी सही.

"दोनदा गोळा उडाला," कुसुमताई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी किन्हवलीच्या बाजारातून आणून लावला. एक दिवस नाय चुकवला. लाईट जायची तेवढाच काय तो बंद."

महावितरणने केलेल्या अंधाराबद्दल मी आयुष्यात प्रथमच कृतज्ञ झालो. लाईट सलग राहिली असती, तर तीनच्या ठिकाणी नऊ गिटारी तडकल्या असत्या.

तरीही खात्री हवी होती. कारण सांगायचे तर पुराव्यासह सांगावे, हे मी मुलांना नेहमी शिकवले. "दहावी कुठे आहे?"

दहावी गिटार पाण्याच्या खोलीत होती, माठांच्या तिवईमागच्या खिळ्यावर. तिच्या पिशवीची चेन तुटली होती, म्हणून तिला कोणी जपत नव्हते. मी ती उजेडात आणली. तड नाही. फ्रेटची टोके गुळगुळीत. पोट सपाट. माझ्या पिशवीतला हायग्रोमीटर काढला. हवेतला ओलावा टक्क्यांत दाखवणारे हे घड्याळासारखे काट्याचे यंत्र. गिटारीला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के मानवते. माठांजवळ काटा अठ्ठेचाळीसवर थांबला. कपाटात अर्धा तास ठेवला, तेव्हा बावीसवर आला.

जिला कोणी जपले नाही तीच ठणठणीत राहिली होती. बाकीच्या नऊ माझ्या देखरेखीखाली वाळल्या होत्या.

खरे सांगायचे तर त्या अर्ध्या तासात एक विचार मनात येऊन गेला. लाकूड हलके होते, असे मॅडमच म्हणाल्या होत्या. मी नुसते गप्प राहिलो असतो तरी ते कारण खपले असते. पाटी काढून पिशवीत टाकायला एक स्क्रू-ड्रायव्हर पुरेसा होता. पण कुसुमताई दारात उभ्या होत्या, आणि मी पाटीकडे पाहतो आहे हे त्या पाहत होत्या.

प्रभा मॅडमच्या खोलीत जाऊन मी काटा दाखवला आणि सगळे क्रमाने सांगितले.

"म्हणजे चूक तुमची?"

"माझी. पाटी माझी, सही माझी. पल्लवी मॅडमनी नोव्हेंबरमध्ये कळवलं, तेही मी मनावर घेतलं नाही. खुलासा माझ्याकडून घ्या."

त्यांनी काट्याकडे वाकून पाहिले. मग म्हणाल्या, "खुलाशाने गिटार वाजत नाही, सर. आज चिकटवून द्या."

"आज चिकटवता येणार नाही."

"का?"

"लाकूड आकसलेलं आहे. आता तडीत गोंद भरला तर ती उघडीच पक्की होईल. पुढे लाकूड फुगलं की दुसरीकडे उकलेल. आधी ओलावा परत द्यायचा, तड आपोआप मिटू द्यायची, मग चिकटवायचं."

"किती दिवस?"

"आठ. कदाचित दहा."

"आणि नाही मिटली तर?"

"ते आज सांगता येत नाही," मी म्हणालो. मॅडमनी मेमोची शाळेकडची प्रत पेपरवेटखाली सरकवली. फाडली नाही आणि फाइललाही लावली नाही.

दिवा बंद केला. सगळ्या तारा सैल केल्या. मुलींकडून प्लास्टिकच्या साबणदाण्या मागवल्या, त्यांना भोके पाडली, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवला. एकेक साबणदाणी गिटारीच्या पोटातल्या गोल भोकातून आत सोडली आणि दोन कपाटाच्या तळाशी ठेवल्या. यात घाई चालत नाही. कोरड्या लाकडाला एकदम ओलावा दिला, तर वरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो आणि नवीन तड जाते. दिवसाला तीन-चार टक्क्यांहून अधिक काटा चढू द्यायचा नाही, असे ठरवले. स्पंज रोज सकाळी पिळून बदलण्याचे काम कुसुमताईंनी घेतले.

"किती दिवस करायचं, ते आधी सांगा," त्या म्हणाल्या. "तुमचं काय सांगता येत नाय."

मी रोज वाशिंदहून जात होतो. प्रत्येक तडीत वहीचा कागद सरकवून पाहायचा आणि नोंद करायची. पहिल्या दिवशी कागद दुहेरी घडी करून आत गेला. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी काटा चौतीसवर होता आणि कागद अजून दुहेरी जात होता. परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात संस्थेला लिहायच्या पत्राचा मसुदा करत होतो. त्यात पल्लवी मॅडमचे नाव कोठे घालावे म्हणजे त्यांना झळ लागणार नाही, एवढेच ठरत नव्हते.

दहा मुलींचा एका गिटारीवर सराव चालला होता. एक वाजवायची, नऊ जणी पट्टीवर बोटे ठेवून बसायच्या. पल्लवी मॅडमनी फूटपट्ट्यांवर सहा तारा पेनने आखून दिल्या होत्या.

"नाहीच मिटल्या तर फूटपट्ट्याच स्टेजवर नेऊ," त्या मला म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

सहाव्या दिवशी कागद एकेरी गेला. आठव्या दिवशी दोन गिटारींत तो गेलाच नाही. नवव्या दिवशी काटा सेहेचाळीसवर स्थिर झाला. तिसऱ्या गिटारीची तड मात्र केसाएवढी उघडी राहिली. तिच्यात सुईसारखी बारीक, जुळत्या लाकडाची काडी बसवून मी ती भरली. तिन्ही गिटारींना आतून लाकडाच्या बोटभर पट्ट्या चिकटवल्या. तड पुन्हा पसरू नये म्हणून हे ठिगळ घालतात. दोन दिवस गोंद वाळू दिला. मग तारा थोड्या थोड्या ताणल्या. शेवटची तार स्वराला आली तेव्हा तिन्ही तडींवरून बोट फिरवून पाहिले.

मुलींना सरावाला चारच दिवस मिळाले. संमेलनात दहा गिटारी वाजल्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात दोघी मागे पडल्या आणि पुढच्या ओळीला येऊन मिळाल्या. त्यानंतर संस्थेच्या एका बाईंनी ती तिसरी गिटार हातात घेतली आणि पोटावरून अंगठा फिरवला.

"ही रेघ कसली?"

मी पुढे होण्याआधीच कुसुमताई म्हणाल्या, "सरांची पाटी लागली तिला."

मग मला सगळे सांगावेच लागले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. वर्ग चालू राहिला. त्याचे पत्र आले, त्या दिवशी प्रभा मॅडमनी पेपरवेटखालची प्रत काढून पल्लवी मॅडमच्या हातात दिली. "चूक माझीही होती," एवढेच म्हणाल्या. पल्लवी मॅडमनी दोन्ही प्रती फाडल्या. माझा दोन पानी खुलासा मात्र फाइलला आहे, आणि तो तिथेच असावा.

कपाटासाठी नवी पाटी लिहिताना मी प्रथम तारखा घातल्या. जून ते सप्टेंबर दिवा चालू, पुढे बंद. कुसुमताईंनी वाचून विचारले, "आन पाऊस लांबला तर?" तारखा खोडल्या. हायग्रोमीटर दारावरच बसवला आणि लिहिले, 'काटा पंचावन्नच्या वर गेल्यास दिवा लावावा. पन्नासच्या खाली आल्यास बंद करावा. पंचेचाळीसच्या खाली गेल्यास ओला स्पंज ठेवावा.' आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना काम कसे सुरू करायचे ते शिकवले. ते कधी थांबवायचे हेही सूचनेतच लिहायचे असते, हे मला कुसुमताईंच्या प्रामाणिकपणामुळे कळले.

यंदा ऑक्टोबरमध्ये त्यांचा फोन आला.

"सर, काटा पन्नासच्या खाली उतरला. दिवा बंद करू?"

"कुसुमताई, पाटीवर लिहिलं आहे ना?"

"लिवलंय. वाचलं मी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर इचारते."