कोणता पाडवा?

बिल्डरच्या काचेच्या ऑफिसबाहेर वडील चपला काढायला लागले. मी त्यांना काढू दिल्या नाहीत. आमच्या घरात पहिला पदवीधर मी, शहरात घर घेणाराही पहिलाच. तिथं वाकायचं काही कारण नव्हतं. पडेगावच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बुक केला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सांगाडा उभा होता, प्लास्टर, दारं-खिडक्या तेवढं बाकी. बिल्डर वडिलांकडं बघून म्हणाला, "काका, पाडव्याला चावी तुमच्या हातात."

वडील खूश झाले. आमच्या गावी, देवगाव रंगारीला, सालगडी पाडव्याला बदलतो, साल तिथून धरतात. घर बदलायलाही तोच दिवस बरा, म्हणाले. मी त्याच संध्याकाळी घरमालकाला तसं सांगून टाकलं. त्यानं पाडव्यापासून आमच्या खोल्या दुसऱ्याला द्यायचं कबूल केलं.

आणि काम थांबलं. आधी म्हणे वाळूचे लिलाव झाले नाहीत. मग म्हणे पाण्याचे टँकर मिळत नाहीत, प्लास्टरवर मारायला पाणी कुठून आणू? मग लेबर सुगीला गावाकडं पळालं. हे सांगताना तो माझ्याकडं असा बघायचा, जणू ज्वारी काढायला त्यांना मीच बोलावलंय.

एका रविवारी साइटवर गेलो तर माझ्या स्वयंपाकघरात शेळ्या बांधलेल्या. मेंढरं विकून शहरात आलेला एक म्हातारा तिथं वॉचमन होता. त्याला मी झापलं. तो शांतपणे म्हणाला, "रिकामंच हाय म्हणून बांधल्या, सायेब. मिस्त्री, सिमेंट समदं खुलताबाद रोडला नेलं. तिथं नवी बुकिंग घ्यायचीय."

मी गाडी तशीच तिकडं घातली. वाळूचा ढीग होता, टँकर उभा होता, लेबर पाया भरत होतं. आमच्याकडं मिळत नव्हतं ते सगळं तिथं होतं.

पाडवा तोंडावर आला तेव्हा वडिलांना घेऊन परत त्या ऑफिसात गेलो. चावी मागितली. बिल्डर हसला.

"कोणता पाडवा? मी दिवाळीचा म्हणालो होतो. तुम्ही तर शिकलेले, विचारून घ्यायचं ना."

वडील उठले. "चैताच्या पाडव्याचा गडी दिवाळीला उगवला, तर आम्ही त्याला दारात उभा करीत नाय," म्हणाले आणि बाहेर पडले. बिल्डरनं फोन उचलला.

पाडव्याला सकाळीच नव्या भाडेकरूचा टेम्पो दारात आला. घरमालकानं हात जोडले. बायको म्हणाली, रस्त्यावर बसायचं की आपल्या घरात? आम्ही सामान पडेगावला नेलं. शेळ्या हाकलल्या, लेंड्या झाडल्या, दाराच्या जागी गोणपाट लावलं. दुपारी बिल्डरचा सुपरवायझर आला आणि ताबा दिलेला नाही म्हणून ओरडायला लागला. आम्ही जेवत होतो. उठलो नाही. जाताना त्यानं पाण्याची मोटर बंद करून किल्ली नेली. त्या दिवसापासून बायको आणि मी खालच्या हौदातून घागरी भरून दोन जिने चढायचो. या घागरींचा राग अजून गेलेला नाही.

खुलताबाद रोडला बुकिंग करणाऱ्यांना सुपरवायझर आमची इमारत खालूनच दाखवायला आणायचा, 'आमचं झालेलं काम' म्हणून. पुढच्या रविवारी दोन कुटुंबं आली. मी गोणपाट वर धरलं आणि त्यांना आत बोलावलं. कोरडी मोरी दाखवली, उघड्या वायरी दाखवल्या, बायकोच्या कमरेवरची घागर दाखवली. सुपरवायझर मधे बोलायला लागला तर त्यातल्याच एका बाईनं त्याला गप्प बसवलं. कुणी बुकिंग केलं नाही.

त्याच आठवड्यात सुतार दारं घेऊन आला. मोटरची किल्लीही आली. सोबत बिल्डरचा निरोप होता, की साहेबांनी आता रविवारी गिऱ्हाइकांशी बोलू नये.

मी उलटा निरोप धाडला. आतून प्लास्टर नाही, खिडक्यांना काचा नाहीत, जिन्याला कठडा नाही. ते होईपर्यंत रविवारी मी घरीच आहे.