आणखी अर्धा पिळा

आमच्या रायफल क्लबात हत्यारांची देखभाल करणारे मामा शनिशिंगणापूरचे. घराला दारच नाही, त्यामुळे बिजागरीचा स्क्रू पिळण्याचं सुख त्यांना जन्मात लाभलं नाही. ती सगळी हौस ते आमच्या रायफलींवर फेडतात. एकदा त्यांनी बंद केलेला नळ उघडायला ट्रॅक्टर जुंपावा लागला होता, खोटं सांगत नाही.

रायफलीचा लोखंडी भाग लाकडी दस्त्यावर दोन स्क्रूंनी बसतो. ते ढिले राहिले की नळी हलते. फार आवळले की लाकूड चेपतं, लोखंडावर ताण येतो आणि गोळ्या जेवण झालेल्या वऱ्हाडासारख्या पांगतात. म्हणून क्लबानं टॉर्क पाना आणला. ठरलेला जोर लागला की तो 'कट्' वाजतो, म्हणजे थांबा.

मामांचा अर्थ वेगळा. "पाना दमला. मी न्हाई." आणि आणखी अर्धा पिळा.

जिल्हा संघाच्या निवडीदिवशी त्यांनी माझी रायफल मायेनं आवळली. सरावाच्या पाच गोळ्या पाच तालुक्यांत गेल्या. संघातली जागाही त्यांच्यामागं निघाली.

"मामा, लई आवळलंय हो."

त्यांचा चेहरा पडला. पाना माझ्या हातात देऊन त्यांनी पाठ फिरवली. "तुमीच करा ढिलं. मला न्हाई बघवायचं."

मी स्क्रू सोडले आणि 'कट्' वाजेपर्यंतच पुन्हा आवळले. मग सगळ्या गोळ्या एकाच भोकातून रांगेनं गेल्या. निवड झाली.

"बघा, रायफल बसवली कुनी हुती!" म्हणत मामा धावत आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. माझी बोटं 'कट्' वाजली.

मामांनी आणखी अर्धा पिळा दिला.