माझा गुन्हा सापडेना

मी गुन्हेगार आहे, असं पासपोर्टच्या अर्जात मी स्वतःच लिहून दिलं. कुणी दरडावलं नव्हतं, दारात पोलीस उभे नव्हते. घरात मी होते, लॅपटॉप होता आणि शेजारी चहा होता.

आमची एकुलती एक मुलगी प्रज्ञा मेलबर्नला असते. ती बाळंत होणार होती आणि तिला आई जवळ हवी होती. म्हणून मी आणि माझे यजमान मिलिंद, दोघांनी पासपोर्ट काढायला घेतले. हाताशी तीन महिने होते. कुणीही म्हणेल, भरपूर झाले. पण अर्ज मी भरले.

जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासले आणि त्यातले निम्मे परत पाठवले. निवृत्त झाल्यावर हडपसरच्या आमच्या विहारात रविवारची वंदना आटोपली की सतरंजीवर माझ्यासमोर रांग लागते. सुजाताताईंनी भरलेला अर्ज परत येत नाही, अशी माझी ख्याती (पसरवली बहुतेक मीच). मागच्या वर्षी तर तिथे मी ‘सामान्य माणूस आणि कायदा’ यावर तासभर बोलले. एफआयआर म्हणजे काय, अटक झाली तर काय विचारायचं, आणि स्वतःच्या विरुद्ध बोलायची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही, वगैरे. लोकांनी वहीत उतरवून घेतलं. मीही घ्यायला हवं होतं!

तर अर्जात प्रश्न आला, न्यायालयाने तुम्हाला दोषी ठरवलं आहे का? माझा हात थांबला. कारण ठरवलं होतं.

कॉलेजात असताना एकदा सदाशिव पेठेतून मी मैत्रिणीला सायकलवर डबलसीट घेऊन चालले होते. दिवेलागण झाली होती आणि सायकलला दिवा नव्हता. चौकात फिरतं न्यायालय होतं, म्हणजे टेबल मांडून बसलेले मॅजिस्ट्रेट. त्यांनी विचारलं, गुन्हा कबूल? मी म्हटलं, कबूल. दंड झाला, हवालदाराने चाकातली हवा सोडली आणि आम्ही सायकल ढकलत घरी गेलो.

मी ‘होय’वर टिचकी मारली. शिवाय दीड पानी खुलासा जोडला, सायकलच्या वर्णनासकट.

पासपोर्ट ऑफिसातल्या अधिकारी बाईंनी ते ‘होय’ पाहिलं, मग माझा चेहरा पाहिला. मिलिंद यांची फाइल पुढे गेली, माझी बाजूला पडली. कोर्टाचे कागद आणा, पोलिसांचा अहवाल येऊ द्या, मग बघू. बाहेर येऊन मिलिंद एवढंच म्हणाले, “सायकल कधीच भंगारात गेली. गुन्हा तेवढा तू चालता ठेवलास.”

पुढचा दीड महिना मी माझा गुन्हा शोधत हिंडले. कोर्टाच्या रेकॉर्ड विभागातले कारकून म्हणाले, इतकी जुनी किरकोळ प्रकरणं ठेवत नाहीत. मी म्हटलं, मग ठेवत नाही असा दाखला द्या. त्यांनी चष्मा काढला. “बाई, लोक इथे सुटल्याचा कागद मागतात. दोषी असल्याचा मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

इकडे प्रज्ञा रोज फोनवर विचारायची, आई, कधी येतेस? मी सांगायचे, काम चालू आहे. एक दिवस ती रडायलाच लागली, आणि आपल्या काटेकोरपणाची मला पहिल्यांदा लाज वाटली.

शेवटी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. मिलिंदही सोबत आले. पासपोर्टचं काम पाहणाऱ्या हवालदारांनी संगणकात माझं नाव घातलं आणि सांगितलं की तुमच्यावर काहीही नाही, घरी जा. हे ऐकून दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते.

“नीट बघा,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा पाहिलं. मग तो प्रश्न मला मोठ्याने वाचायला लावला, शेवटपर्यंत. गेल्या पाच वर्षांत दोषी ठरून दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली आहे का, असा तो प्रश्न होता! जन्मभर लोकांना ‘प्रश्न पूर्ण वाचा’ म्हणून ओरडणाऱ्या बाईने तो अर्धाच वाचला होता. ‘दोषी’ हा शब्द दिसला आणि पुढचं काही दिसलंच नाही.

इथे मी उठायला हवं होतं. मिलिंद उठलेही होते. पण रेकॉर्डला नाव नाही, म्हणजे ही बाई थापा मारते, असं या माणसाला वाटलं तर? ते मला सहन होईना.

“नाव सापडेल कसं? मी त्या दिवशी माझ्या बहिणीचं नाव सांगितलं होतं.”

मिलिंद पुन्हा बसले. हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

“मॅडम, स्वतःविरुद्ध बोलायला कायदा कुणाला भाग पाडत नाही. तुम्हाला तर इथे कुणी पाडतही नाहीये.”

मग त्यांनी ‘गुन्हा नोंद नाही’ असा अहवाल केला आणि मिलिंद यांना सांगितलं, यांना लवकर घेऊन जा.

‘प्रश्न अर्धाच वाचला, उत्तर नाही असे समजावे,’ असा आयुष्यातला सर्वांत छोटा अर्ज मी पासपोर्ट ऑफिसला दिला. व्हिसाचा अर्ज मिलिंद यांनी दार लावून भरला. तरी जायचं ठरेपर्यंत नात जन्मली. तिच्या पहिल्या आंघोळीला मी नव्हते, आणि बोल लावायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

निघायच्या दिवशी कात्रजहून करुणाताई डिंकाचे लाडू घेऊन आली. हीच ती बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिचे हात धरले आणि रडत रडत सगळं सांगितलं, की माझा गुन्हा इतकी वर्षं तुझ्या नावावर आहे.

ताईने लाडवांचा डबा बाजूला सरकवला.

“सुजे, त्याच्या आदल्या वर्षी त्याच चौकात मलाही धरलं होतं. मी तुझं नाव सांगितलं.”

म्हणजे माझ्या नावावर गुन्हा होताच! फक्त दीड पानी खुलाशात मी भलताच लिहिला होता. सायकलसुद्धा चुकीची! मी डोळे पुसले आणि दुरुस्तीपत्र लिहायला लॅपटॉपकडे वळले. मिलिंद यांनी तो कपाटात टाकून कुलूप लावलं. माझा पासपोर्ट ताईच्या पर्समध्ये गेला. विमानतळावर त्या दोघांनी मला मधे घेऊन नेलं. दारावरच्या जवानाने पासपोर्ट मागितला तेव्हा तो ताईनेच पुढे केला.

“दोघींत प्रवासी कोण?” त्याने विचारलं.

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. “ही. पण हिला काही विचारू नका.”