गेर्शोमचा नियम आणि सॅम्सनबाबा

लेक अवीवा पुन्हा मोकळेपणानं बोलेल का, ही काळजी रेचलबाईंच्या मनातून जाईना.

त्यांचे वडील सॅम्सनबाबा सोलापुरात पोस्टमन होते. हजार वर्षांपूर्वी जर्मनीतल्या गेर्शोम नावाच्या ज्यू धर्मशास्त्र्यानं दुसऱ्याचं पत्र वाचायला बंदी घातली. स्वतः ज्यू असलेल्या बाबांनी ती जन्मभर पाळली. पाकीट उघडं निघालं, तर मान वळवून डिंक लावायचे.

“शेजारच्या सुनेला काय आलंय, बघा की बाबा!” गल्लीतली लालबी चिडवायची.

“सरकार मला वाटायला ठेवतं, वाचायला न्हाय!”

अशा माणसाच्या लेकीनं सुट्टीला आलेल्या अवीवाचा मोबाईल चाळला. अवीवानं ते पाहिलं.

“विचारलं असतंस तर सांगितलं असतं, मम्मी,” म्हणून ती पुण्याला परतली. तेव्हापासून फोनवर नुसतं “जेवले, बरी आहे.”

अवीवाच्या मैत्रिणीकडून तिची खबर काढावी, असं रेचलबाईंना वाटलं. पण तेही चोरून वाचणंच होतं. त्यांनी अवीवालाच फोन करून माफी मागायचं ठरवलं.