दिनकरची चुकलेली झालर

दिनकर काविळीनं गेल्याचं मला गंगावेशीत चहाच्या गाडीवर कळलं. गाडीवाला म्हणाला, "आपला वाचनालयवाला गेला की वो." मी पेला खाली ठेवला आणि... दुःखाच्या आधी मला मत्सर वाटला. आमच्या पेठेचं वाचनालय पाडून तिथं दुकानगाळे काढायचं ठरलं, तेव्हा त्याविरुद्ध पत्रकं मी लिहिली होती.

लोक ती घेत, घडी घालत आणि पुढच्या वळणावर त्यातच भडंग खात. दिनकरला सभा-घोषणांचा कंटाळा. त्यानं गणपतीच्या आराशीसाठी त्याच वाचनालयाची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायला घेतली. भिंती, जिना, कौलं झाली. उरली छपराच्या कडेची लाकडी झालर. खरी केव्हाच कुजून गळून गेली होती. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून नखाएवढी पानं कापून तो चिमट्यानं एकेक चिकटवत बसला होता. मी म्हणालो, "अरे, तिथं साधे त्रिकोण होते. मी जुना फोटो बघितलाय."

"आईच्या गळ्यातल्या साजातली पानं बघून कापल्यात," तो मान वर न करता म्हणाला. "त्रिकोण बघाय कोण येतंय?"

"पण खोटं आहे ते."

"आसंल. तुझं खरं हाय ते वाट जा गल्लीत."

आरास बघायला रांग लागली. बायका झालरीकडे बोट करून म्हणायच्या, "अगं, साजाची पानं की ही." आणि मग विचारायच्या, हे पाडणार म्हणत्यात ते खरं का? हेच माझी पत्रकं वर्षभर सांगत होती... गावभर तोच प्रश्न झाला, पाडायचा बेत मागं पडला आणि वाचनालय वाचलं. दुरुस्तीला आलेल्या सुतारानं प्रतिकृती समोर ठेवून नवी झालर कोरली. पानांचीच.

शोकसभा तिथंच झाली. मला बोलायला सांगितलं. मी त्याच्याबद्दल बोललो आणि शेवटी, खरं ते खरं म्हणून, सांगितलं की वरची झालर चुकीची आहे. मूळची त्रिकोणी होती. सभा हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ द्या की, हीच बरी दिसतीया." रडून डोळे सुजलेली त्याची आईसुद्धा पदराआड हसली.

मी खाली बसलो. आजवर मी इतकं बरोबर लिहिलं, पण या गावानं माझी एखादी चूकसुद्धा अशी उचलून छपराला लावलेली नाही.