सुटलेली जट

आज सकाळी शेजारच्या घरात कुणाच्या तरी सुजलेल्या गुडघ्यासाठी जवसाचं पोटीस शिजत होतं. खिडकीतून तो वास आत आला आणि मी हातातली भाजी तशीच ठेवून उभी राहिले. जवस शिजतानाचा वास काही सुगंध म्हणावा असा नाही. थोडा तेलकट, थोडा मातकट, आजाऱ्याच्या खोलीत रेंगाळणारा. माणसं मोगऱ्यानं, पारिजातकानं हळवी होतात. माझं मेलीचं सगळंच उफराटं! मला जवसाच्या बुळबुळीत पाण्यानं भरून येतं. त्या पाण्यानं माझा सगळा जन्म वाचवला असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या.

माझे केस कुरळे आहेत असं मी कधी म्हणत नाही. कुरळे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कपाळावर रुळणारी एखादी गोड बट येते. माझे केस कधी रुळले नाहीत. एकेक केस सुईवर गुंडाळून काढल्यासारखा, मुळापासून टोकापर्यंत वेटोळ्यांचा. ओढला तर वीतभर, सोडला तर बोटाच्या पेराएवढा. आता पांढरे झाले तरी त्यांचा हट्ट गेलेला नाही. बारामतीजवळ कालव्याकाठी आमचा मळा होता. वांगी, मिरच्या, गवार, बांधाला पेरूची झाडं. त्या पंचक्रोशीत असले केस दोनच डोक्यांवर होते, एक माझ्या आणि एक आत्याच्या. शाळेतली पोरं मला मेंढरू म्हणत. आई रोज सकाळी मला गुडघ्यांत दाबून कोरड्या केसांतून बारीक दातांची फणी ओढायची. मी बोंबलायची, फणीचे दात मोडायचे, केस तुटून तिच्या मांडीवर पडायचे, आणि शेवटी तीच रडकुंडीला येऊन म्हणायची, "कुणाचं गं हे केस घिऊन आलीस?" आत्या जवळच निवडत-टिपत बसलेली असे. ती मान वर करत नसे.

आत्याच्या पाठीवर जट होती. आत्या तेव्हाच्या माझ्याएवढी असताना तिच्या केसांत गुंता झाला, तो वाढत वाढत दोरखंडासारखा जाड झाला, आणि थोरल्या माणसांनी ती देवीची खूण समजून तिच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली. अशा मुलीचं लग्न होत नाही. मंगळवारी-शुक्रवारी तिनं हातात परडी घेऊन पाच घरं जोगवा मागायचा, आणि उरलेल्या दिवसांत भावाच्या घरी राबायचं. जटेला फणी लावायची नाही. कात्रीचं तर नावच काढायचं नाही, कापली तर घरातलं माणूस दगावतं असा धाक. गाव आत्याच्या पाया पडायचं, पण तिच्याजवळ बसून चार सुखदुःखाच्या गोष्टी करायला कुणी यायचं नाही. मला तिची भीती वाटायची. आज लिहिताना त्या भीतीची लाज वाटते.

चौतीस-पस्तीस साल असेल. मी नऊ वर्षांची होते आणि मला मुदतीचा ताप आला. तीन आठवडे मी घोंगडीवर पडून होते; घामानं निथळायची, डोकं या कुशीवरून त्या कुशीवर घासायची. केस कोण विंचरतंय? पोर जगली हेच खूप होतं. पुढं उठून बसले तेव्हा मानेमागं केसांचा मूठभर, घट्ट गोळा झाला होता. आईनं फणी लावली, ती आत शिरेना. आत्यानं हात लावून पाहिलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"वैनी, फणी ठिव खाली," ती म्हणाली. "जट हाय ही. देवीनं ताप उतरावला, आता ती आपलं मागतीया."

झालं! दुसऱ्या दिवसापासून बायका येऊन त्या गोळ्याला हळदकुंकू लावू लागल्या, माझ्या पायांवर डोकी ठेवू लागल्या. कालपर्यंतचं मेंढरू आज देवी झालं. माघी पुनवेला मला देवीच्या डोंगरावर न्यायचं आणि माळ घालायची असं ठरलं. शाळा बंद झाली. वडील सोप्यात नुसते बसून राहायचे. जेवायला हाक मारली तरी त्यांना ऐकू जात नसे. मला बाकीचं काही कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की आता मी आत्या होणार.

त्याच सुमारास इंदापूरकडं नव्या साखर कारखान्याच्या बांधकामावर लांबलांबची माणसं आली होती. त्यांतलं एक जोडपं तिथलं काम सुटल्यावर आमच्या मळ्यात मजुरीला आलं. दोघं कारवारच्या वरच्या रानातली, सिद्दी जमातीची. गाव तिला हबशीण म्हणे, मी मावशी म्हणू लागले. एके दिवशी वांग्यांत खुरपताना तिच्या डोक्याचं फडकं सुटलं आणि मी बघतच राहिले. माझे केस! तिच्या डोक्यावर माझे केस होते. आणि ते काळेभोर, तेलानं तुकतुकीत, बारीक बारीक वेण्यांत शहाण्यासारखे बसलेले. असले केस इतके देखणे दिसू शकतात हे मला त्या घटकेपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. मी बांधावर बसून हमसून हमसून रडले. तिनं मला जवळ ओढलं, मानेमागं बोटं घातली आणि हसली.

"रडू नको गो. ह्यो गुंता. सुटता."

आई धावत आली. "कात्री लावायची न्हाय हां बाई! पोर जाईल माझी."

"कात्री कशाक? बोटां हायत," मावशी म्हणाली. "देवीची आसंल तर सुटायची न्हाय. सुटली तर नुसते केस."

फणी लावू नये, कात्री लावू नये, हे सगळ्यांना पाठ होतं. बोटं लावू नयेत असं मात्र कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. तेवढा धीरच आजवर कुणाला झाला नसेल. आईनं इकडं तिकडं पाहिलं आणि मान डोलावली.

माझ्या मानेवर तापातनं गळू उठलं होतं, त्यासाठी घरात जवसाचं पोटीस चालूच होतं. मावशीनं जवस भरपूर पाण्यात शिजवायला सांगितले आणि फडक्यातून गाळून तो बुळबुळीत काढा वाटीत घेतला. आमच्या पेरूच्या झाडाखाली, उन्हात, तिनं तो माझ्या गोळ्यात मुरवला, वर करडईचं कोमट तेल चोळलं, आणि मग बोटांनी काम सुरू केलं. ते मुळाशी नाही, टोकाशी! आईनं जन्मभर मुळापासून फणी ओढली होती. ही बाई टोकाचे चार केस सोडवी, मग त्यांच्या वरचे चार. केस सुकला की थांबून पुन्हा ओला करी. मधूनच सांगायची, ह्या केसाक तहान लई, कोरडा ओढलास की मोडता. रोज धुवू नको. निजताना मऊ फडकं बांध. दोन दुपारी गेल्या, अर्धा गोळा सुटला, आणि मला एकदाही दुखलं नाही.

तिसऱ्या दुपारी आत्या मळ्यात आली.

"कुणाला इचारून हात लावला?" आईच्या हातातली वाटी कलंडली. मावशी उठली नाही. तिनं शांतपणे गोळ्याच्या पोटातून काहीतरी उपसलं आणि आत्याच्या तळहातावर ठेवलं. काळ्या लोकरीचा पुंजका होता तो. मी तीन आठवडे जिच्यावर लोळले त्या घोंगडीची लोकर, माझ्या केसांत वळली गेलेली. आत्यानं ती बोटांत चुरून पाहिली, नाकाशी धरून पाहिली. मग खाली बसली, कलंडलेली वाटी सरळ केली आणि म्हणाली, "वैनी, जवस आन आजून."

चौथ्या दुपारी शेवटचा केस सुटला. आई वडिलांना सांगायला पळत गेली. मावशी माझ्या वेण्या घालत होती. तेवढ्यात आत्यानं डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि आमच्याकडं पाठ करून बसली.

"माजी बघ."

मावशीनं ती जट टोकापासून चाचपायला सुरुवात केली. बोटं रुतवून, कानाशी नेऊन, हळूहळू मुळापर्यंत गेली. पुष्कळ वेळ लागला तिला.

"किती वर्सां?"

"पंचवीस."

"न्हाय सुटायची बाय. आतला केस मेलेलो."

आत्या पदर डोक्यावर घेत म्हणाली, "बरं झालं."

त्याच संध्याकाळी ती परडी घेऊन गावात गेली आणि पारावर उभी राहून सांगून आली, देवीनं आमची पोर परत दिली. तिच्या शब्दापुढं बोलायची कुणाची टाप होती? पुनवेला ती एकटीच डोंगरावर गेली. मी शाळेत गेले. पेरू संपता संपता मावशी आणि तिचा नवरा दुसऱ्या कामावर निघून गेली. कुठं, ते आम्हाला कळलं नाही.

ते "बरं झालं" मला पुष्कळ वर्षं उमगलं नाही. आता वाटतं, तिची जट सुटली असती तर आपली पंचवीस वर्षं नुसत्या एका गुंत्यापायी गेली हे तिला त्या झाडाखाली बसून गिळावं लागलं असतं. पण लोकर तर तिनं हातात घेऊन पाहिली होती. तिला कळलं होतं हो, सगळं कळलं होतं! कळूनही ती पदर घेऊन उठली आणि मला सोडवून आली. मी तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि याची रुखरुख माझ्याबरोबरच जाईल. माझं लग्न होईपर्यंत दर रविवारी आत्याच माझे केस करायची. आधी ओले करायची, मग टोकाकडून बोटं घालायची, घाई म्हणून कधी केली नाही. तिनं एक केस तोडला नाही माझा. आणि तिच्या स्वतःच्या डोक्याला तसा हात कधी लागलाच नव्हता, लहानपणी एकदासुद्धा.