थुमामातल्या भिंतीआड

ओवीच्या जन्मानंतर नीलांबरीच्या अंगावर कोड उठलं. आधी गळ्याखाली एक डाग, मग पोट, मांड्या, दंड. नवऱ्याच्या, कौशिकच्या नोकरीसाठी ते कतारमध्ये दोह्याला आले तोवर कोड मनगटापर्यंत पोचलं होतं.

अल मुंतझातल्या त्यांच्या फ्लॅटखाली उन्हानं डांबर मऊ व्हायचं, आणि ही बाई पूर्ण बाह्यांचा, गळाबंद कुर्ता घालून भाजी आणायला जायची. नाशिकहून सासूबाईंनी तिचा टॉवेल वेगळा ठेवायला सांगितलं होतं. कोड लागत नाही हे कौशिकला ठाऊक होतं. ड्रेनेजचा इंजिनिअर, शिकलेला माणूस. तो वावगं कधी बोलला नाही, फक्त तिच्याकडे बघायचा थांबला. मग तिनंही स्वतःकडे बघणं सोडलं. आंघोळ करताना ती डोळे मिटून घ्यायची.

त्वचेच्या दवाखान्यात तिला कोडावर लाइटचे उपचार द्यायला सितारा नावाची नर्स होती. भोपाळची, अंगानं भरलेली, मोठ्यांदा हसणारी. एकदा तिनं सरळच विचारलं, "इलाज होता रहेगा. पर आप अपने ही बदन से इतनी नाराज क्यों हैं?"

नीलांबरीला रडूच आलं.

मग सितारानं तिला दोह्यातल्याच थुमामा भागातल्या एका व्हिलाबद्दल सांगितलं. तिथं एक डच बाई राहायची. शुक्रवारी दुपारी ओळखीच्या काही बायका तिच्या मागच्या अंगणातल्या तलावात पोहायला जमायच्या. अंगावर काहीही न घालता. पुरुष नाही, फोटो नाही, फोन दारातच ठेवायचे.

"वेडी आहेस का तू?" नीलांबरी म्हणाली. "इथं? या देशात?"

"भिंत उंच आहे," सितारा म्हणाली.

पहिल्या शुक्रवारी नीलांबरी कपड्यांनिशी काठावर बसून राहिली. बायका पाण्यात होत्या, गप्पा मारत होत्या. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचं एक स्तन काढलेलं, सिताराच्या पोटावर ऑपरेशनचा जाड व्रण. कुणी कुणाला निरखत नव्हतं. पुढच्या वेळी तिनं कुर्ता काढला. पाण्यात उतरली तेव्हा डच बाईनं तिला फक्त एवढंच सांगितलं, की उथळ बाजूला फरशी निसरडी आहे.

पाठीवर ऊन पडलं. इतक्या वर्षांत पडलं नव्हतं. पाण्यातून तिनं आपल्या मांडीकडे पाहिलं. पांढऱ्यावर गव्हाळ, गव्हाळावर पांढरं. हे आपलं आहे, एवढंच तिला वाटलं, आणि छातीवरचं काहीतरी उतरलं.

थुमामाचं स्टेडियम तोवर उभं राहिलं होतं. आता आसपासचे रस्ते, हॉटेलं, इमारती सगळं फुटबॉलच्या वर्ल्डकपच्या आत पुरं करायचं होतं. व्हिलामागच्या मोकळ्या जागेत एक इमारत वर येऊ लागली. शुक्रवारी काम बंद असायचं म्हणून बायकांनी लक्ष दिलं नाही. पण घाई वाढली आणि एका शुक्रवारी भिंतीवरून क्रेनचा दांडा हळूच सरकत गेला. सगळ्या गळ्यापर्यंत पाण्यात बुडाल्या. डच बाईनं तलावावर कापड ताणून घेतलं. पुढच्या आठवड्यात गल्लीत एक पांढरी लँड क्रूझर उभी दिसली. इंजिन चालू, आत कोण ते दिसत नव्हतं.

"आता बंद करूया," नीलांबरी सिताराला म्हणाली.

"तू बंद करू शकशील?"

तुरुंग, मग परत धाडणारं विमान, कौशिकची नोकरी, ओवीची दहावी, सगळं तिला दिसत होतं. तरी ती गेली.

त्या दिवशी रस्ता वळवला होता म्हणून उशीर झाला. व्हिलाचं फाटक सताड उघडं होतं. बाहेर तीच लँड क्रूझर, शेजारी दोन पुरुष आणि पायघोळ काळ्या अबायातली एक बाई. नीलांबरीनं गाडी थांबवली नाही. तेवढ्यात सितारा बाहेर आली. केस ओले, अंगात कुणा दुसरीचा आखूड अबाया. तिनं नीलांबरीची गाडी ओळखली. आणि लगेच तोंड दुसरीकडे फिरवलं.

सिताराचा फोन बंदच राहिला. दवाखान्यात सांगितलं, ती सुट्टीवर आहे. दाराची बेल वाजली की नीलांबरीच्या हातातलं भांडं निसटायचं. शेवटी तिनं कौशिकला सांगितलं.

तो म्हणाला, "तुला हे अंग लोकांना दाखवावंसं वाटलं?"

"लोकांना नाही. मला बघायचं होतं."

"माझी नोकरी जाईल, कळतंय का तुला?"

"कळतंय."

तिला पोलिसांचं बोलावणं आलं ते ऑफिसच्या वेळेत, साध्या फोनवर. कौशिक तिला सोडायला आला, पण गाडीतून उतरला नाही. आत एक बाई अधिकारी होती, आवाज अगदी मऊ. त्यांच्याकडे आधीच्या शुक्रवारी गल्लीत थांबलेल्या गाड्यांचे नंबर होते. तू तिथं जायचीस का, असं तिनं विचारलं. नाही म्हणून सुटता आलं असतं की नाही, कोण जाणे. नीलांबरी हो म्हणाली.

"लाज नाही वाटली?" अधिकारी बाईनं इंग्रजीत विचारलं.

"आधी वाटायची," नीलांबरी म्हणाली. "कपड्यांत असताना."

त्या बाईनं मान वर करून तिच्या मनगटाकडे पाहिलं, आणि फाइल मिटली. काही दिवसांनी नीलांबरीचा व्हिसा रद्द झाला. कौशिकचा राहिला, स्पर्धेआधी त्याच्यासारख्या माणसांची गरज होती. विमानतळावर ओवीनं आईचा हात धरून ठेवला. "आय अॅम नॉट अँग्री, आई," ती म्हणाली. कौशिक बॅगांकडे बघत होता.

नीलांबरी आता ओवीला घेऊन नाशिकलाच, पण माहेरी राहते. अर्ध्या बाह्यांत बाजारात जाते, लोक बघतात, काही सरकून उभे राहतात. सितारा कुठं आहे ते कुणालाच कळलं नाही. भोपाळला ती पोचली नाही, असं तिची बहीण फोनवर म्हणाली. वर्ल्डकप झाला, स्टेडियमं रिकामी झाली. कौशिकनं कुणाला न विचारता करार वाढवून घेतला. त्याचे फोन आता महिन्यातून एखादा येतात, आणि तेही ओवीला.